नजररेषा

सांडूच्या आधीची दोन लेकरं गेली होती. म्हणून त्याच्या आईनं, दगडाबाईनं, पिशोर गावी जन्मल्या जन्मल्या त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकडून उचलून घेतलं, तिला सूपभर ज्वारी देऊन पोर परत विकत घेतलं आणि नाव ठेवलं सांडू. सांडलेलं, टाकून दिलेलं पोर. त्याच्याकडे कोण बघणार आणि त्याला कुणाची नजर लागणार? बाईचा उपाय लागू पडला. पोर जगलं, वाढलं, पन्नाशी ओलांडून गेलं, आणि इतक्या वर्षांत त्याच्याकडे खरोखरच कुणी वळून पाहिलं नाही.

बघायचं काम मग सांडूनंच अंगावर घेतलं. तो दुसऱ्यांकडे बघायचा. कोणाचं दुकान वाढलं, कोणी गाडी बदलली, कोणाच्या सुनेला नोकरी लागली, सगळं त्याला ठाऊक असायचं आणि सगळ्यानं त्याच्या पोटात दुखायचं. पण ही झाली किरकोळ दुखणी. मुख्य दुखणं समोर राहत होतं, रस्त्याच्या पलीकडं, आणि त्याचं नाव कृष्णा.

कृष्णा त्याचा चुलतभाऊ, वयानं लहान. पिशोरहून एक ट्रंक घेऊन संभाजीनगरला आला तेव्हा तो सांडूच्याच हॉटेलात, बाकड्यावर झोपायचा. जुन्या दरवाज्यापासून चौकाकडं जो रस्ता जातो, त्याच्या एका अंगाला सांडूचं हॉटेल: चहा, पोहे, भजी, सकाळी तर्री. चहात आलं कधी टाकायचं आणि दूध कधी, हे सांडूनंच कृष्णाला शिकवलं. कृष्णा शिकला, समोरची पडकी जागा घेतली, तिच्यावर एक मजला चढवला, मग दुसरा, मग तिसरा. वर गच्चीवर वेताच्या खुर्च्या मांडल्या, बारक्या दिव्यांच्या माळा सोडल्या आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून वाचता येईल असा बोर्ड लावला, 'मकबरा व्ह्यू कॅफे'.

चहा तोच. पावडर तीच. आलंसुद्धा एकाच भाजीवाल्याकडचं. पण सांडूकडं माणसं उभ्या उभ्या चहा ढोसायची आणि कप आपटून चालती व्हायची, आणि समोर तोच चहा कुल्हडात घेऊन तासतासभर बसायची. एकमेकांचे फोटो काढायची. कारण कृष्णाच्या गच्चीवरून बीबीचा मकबरा दिसायचा. घुमट, मिनार, मागं डोंगर, सगळं.

यातली खरी मेख अशी, की कृष्णाला मकबरा दिसायचा तो सांडूच्या डोक्यावरून. सांडूचं घर म्हणजे खाली हॉटेल आणि वर राहायच्या दोन खोल्या. त्याच्या स्वतःच्या गच्चीवरून काही दिसत नसे, कारण मागच्या अंगाला सरकीच्या जुन्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर आडवं आलेलं. कृष्णाची तिसऱ्या मजल्यावरची गच्ची सांडूच्या घरावरून आणि त्या गोदामावरून आरामात पलीकडं बघायची. आपलं घर बुटकं म्हणून याचा धंदा उंच, हे ज्या दिवशी सांडूच्या ध्यानात आलं, त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना.

कॅफेच्या उद्घाटनाला कृष्णा स्वतः बोलवायला आला होता. सांडूनं गुडघ्यांचं निमित्त सांगितलं आणि बायकोला, गीताबाईला, नारळ देऊन धाडलं. ती परत आली आणि म्हणाली, "लई झ्याक दिसतंय वरून." सांडू त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर तो कधीच त्या जिन्याला शिवला नाही. गल्ल्यावर बसून मात्र जिना चढणारा प्रत्येक माणूस तो बघून ठेवायचा. मोठी टोळी वर गेली की त्याच्या हातून भजी करपायची.

त्यात ती बाहुली. कृष्णाच्या बायकोनं, रूपालीनं, गच्चीच्या कठड्याला एक काळी बाहुली टांगली होती. दृष्ट लागू नये म्हणून गाडीला, दुकानाला, नव्या बांधकामाला टांगतात तसली, केस पिंजारलेली, लाल जिभेची. टांगायला हरकत नव्हती. पण तिचं तोंड बरोबर सांडूच्या घराकडं होतं. वाऱ्यानं फिरली तर रूपाली येऊन पुन्हा नीट करून जाई. पानटपरीवाल्या कडुबानं हे पहिल्यांदा दाखवून दिलं, आणि कडुबानं एकदा दाखवलेली गोष्ट सगळ्या रस्त्याला दिसते.

"सांडूभाऊ, तुमच्यासाठी पेशल बंदोबस्त हाय बघा," तो म्हणाला.

सांडू हसला. आतून त्याला मिरच्या झोंबल्या. झोंबायचं कारण हे, की बाहुलीचं काही चुकत नव्हतं. तो बघायचाच तसा.

मग एके दिवशी प्रणयशेठ आला. शेठ म्हणजे तिशीतलं पोरगं, पांढरे बूट, शहराच्या बाहेर दोनतीन टॉवर उभे केलेलं. त्यानं मागचं गोदाम घेतलं होतं आणि त्याला रस्त्याकडं तोंड हवं होतं.

"काका, तुमची जागा मिळाली तर अकरा मजले काढतो," तो म्हणाला. "खाली तुमचं हॉटेल, ए वन करून देतो. वर तुम्हाला दोन फ्लॅट."

सांडूनं फ्लॅटचं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "अकरा मजले उठल्यावर समोरून मकबरा दिसतो का?"

प्रणयशेठला वाटलं, म्हातारा जुन्या वास्तूंचा लोभी दिसतो. त्यानं लगेच समजूत घातली. "काका, टेन्शन नका घेऊ. आर्किटेक्टला सांगून मधे फट ठेवू. एक मिनार तरी शंभर टक्के दिसंल."

सांडूचा चेहरा पडला. "मिनार दिसंल?"

"गॅरंटी."

"नाय नाय. मिनार-बिनार काय दिसता कामा नये. ती फट बंद करा."

प्रणयशेठ कागद करून आणतो म्हणाला आणि गेला. त्या आठवड्यात सांडूची भजी एकदाही करपली नाहीत. कृष्णाच्या गच्चीवरच्या सगळ्या खुर्च्या त्याच्या डोळ्यांपुढं सिमेंटच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, आणि त्या भिंतीत तिसऱ्या मजल्यावर आपली मोरीची खिडकी असावी, इतपत त्याचं ठरत आलं होतं.

आणि नेमकी त्याच वेळी महापालिका रस्त्यावर उतरली. दरवाज्यापासून चौकापर्यंतचा रस्ता नव्यानं करायचा ठरला होता. डोक्यावरचा तारांचा गुंता जमिनीखाली, दोन्ही अंगांना रुंद फुटपाथ, संध्याकाळी गाड्या बंद, आणि सगळ्या दुकानांचे बोर्ड एकाच मापाचे. ही योजना सांडूला मनापासून आवडली, कारण तिच्यात कृष्णाचा बोर्ड उतरणार होता. योजनेत आणखी एक कलम होतं, पण रस्त्यावर कोणी योजना शेवटपर्यंत वाचली नव्हती.

सांडू बाजारातून बेसन घेऊन आला तेव्हा त्याच्या हॉटेलासमोर माणसं जमली होती. भिंतीवर, दारावरच्या मोकळ्या जागेत, लाल ऑइलपेंटनं ठळक अक्षरं उमटली होती: 'नजररेषा. उंची वाढवण्यास मनाई.' पेंट अजून ओला होता.

"आता तं सरकारनंच लिहून दिलं," कडुबा म्हणाला. "लई पावर हाय म्हणायची सांडूभाऊच्या नजरंत."

लोक हसले. सांडूनं समोर बघितलं. कृष्णाची भिंत कोरी करकरीत होती. वर कठड्याला बाहुली झुलत होती. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: कृष्णानं महापालिकेत कुणाला तरी धरून आपल्या नजरेची भर रस्त्यात जाहिरात केली होती! त्यानं आतून उलथनं आणलं आणि अक्षरं खरवडायला लागला. मनाई गेली, उंची गेली, रेषा निम्मी गेली. 'नजर' तेवढी चुन्यात मुरली होती, ती जाईना.

"अवो, आत या," गीताबाई म्हणाली. "लोक बघायलेत."

"बघू दे! मला बी बघायचंय कुणी लिवलं ते!"

लिहिणाऱ्यांनीच विजेच्या खांबावर एक कागद चिकटवला होता. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी शनिवारी सकाळी यावं. ठिकाण वाचून सांडूचं डोकं आणखी फिरलं. ठिकाण होतं कृष्णाची गच्ची.

शनिवारी तो जिना चढला. गुडघे अजिबात दुखले नाहीत. वर रस्त्यावरचे दुकानदार वेताच्या खुर्च्यांवर बसले होते, कृष्णा सगळ्यांना चहा देत होता, आणि नकाशा पसरून एक तरुण बाई उभी होती. गारखेड्याची राजनंदिनी, रस्त्याचा आराखडा तिनं केला होता. सांडूनं तिला नमस्कारही केला नाही.

"माझी नजर वाईट हाय, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

राजनंदिनी गोंधळली. "कोणाची नजर, काका?"

"भिंतीवर लिवलंय की माझ्या! आन् ह्याची भिंत कोरी. ह्यानंच सांगितलं ना?"

राजनंदिनीला आधी हसू आलं, मग सांडूचा चेहरा बघून तिनं ते आवरलं. "काका, माफ करा. चूक आमची आहे. आम्ही आधी 'दृश्यमार्गिका' लिहिणार होतो. म्हटलं, हे कुणाला कळणार? म्हणून सोपा शब्द घेतला. नजर म्हणजे नुसतं दिसणं हो. दरवाज्याच्या वरचा सज्जा दुरुस्त करून लोकांसाठी खुला करायचाय. तिथून मकबऱ्याकडं पाहिलं की मधे तुमचं घर येतं. त्या रेषेत कोणी उंच बांधलं तर मकबरा दिसायचा बंद होईल, म्हणून ही मनाई. समोरची घरं रेषेच्या बाहेर आहेत. सज्ज्याचं काम चालू आहे म्हणून आज इथं बसलोय, इथूनही जवळपास तसंच दिसतं. बघा ना."

सांडूला बघायचं नव्हतं, पण मान आपोआप वळली. मकबरा दिसत होता. उन्हात जरासा मळकट पांढरा, आणि फोटोत दिसतो त्याहून लहान. दोन्ही बाजूंना लांबवर टॉवर उठत होते, क्रेन उभ्या होत्या, एका मिनाराचा खालचा भाग एका इमारतीनं आत्ताच गिळला होता. त्यांच्यामधून घुमटापर्यंत मोकळी वाट होती. आणि त्या वाटेच्या तोंडाशी, अगदी पुढं, सांडूची गच्ची होती. काळी टाकी. गीताबाईनं वाळत घातलेल्या कुरडया. दोरीवर त्याची बनियन.

त्यानं नजर फिरवली तर गच्चीच्या भिंतीवर गिऱ्हाइकांचे फोटो लावलेले. नवरानवरी, कॉलेजातली पोरं, परदेशी पाहुणे. प्रत्येक फोटोत वर मकबरा आणि खाली सांडूची टाकी. एकात तर गीताबाई स्वतः होती, कुरडया उलथत.

हे बघून विरघळला तर तो सांडू कसला. उलट त्याला वाटलं, फुकटात आपलं घर वापरलं. त्यानं कठड्याकडं बोट केलं. "बरं, ती नजर तुमची, मानलं. मग ही बाहुली? हिचं तोंड माझ्याकडं का?"

कडुबा चहा फुंकायचा थांबला. रूपालीनं कृष्णाकडं बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, ती बाहुली तुमच्याच घराची हाय."

"म्हंजी?"

"तुमच्या घरावर कुणा बिल्डरची नजर पडू नाय, म्हणून बांधली. आमच्या गच्चीला काय लागायचंय? तुमचं घर हाय तोवर आमची गच्ची."

कृष्णानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "दादा, खरं सांगतो. रोज सकाळी उठलो की पयले तुमच्या दाराकडं बघतो. वाळू पडली का, विटा आल्या का. त्या दिवशी प्रणयशेठची गाडी दिसली तुमच्या दारात, मला घास गिळंना."

सांडूच्या आयुष्यात इतकं गोड कुणी काही बोललं नव्हतं. म्हणजे आपण इकडून बघत होतो तेव्हा हा तिकडून बघत होता. रोज. सकाळी उठून पहिल्यांदा. देवाच्याही आधी! दगडाबाईनं उकिरड्यावर टाकलेल्या पोराकडं अखेर कुणीतरी काळजात धडकी घेऊन बघत होतं, आणि तेही कृष्णा.

"मग काका, हरकत मागे घेताय ना?" राजनंदिनीनं विचारलं.

"नाय," सांडू म्हणाला. "हरकत हाय."

"म्हणजे तुम्हाला बांधायचंय?"

"बांधायचं नाय. पण मनाई नको."

"बांधायचंच नसेल तर मनाईनं काय फरक पडतो?"

"लई फरक पडतो, बाई," सांडू म्हणाला. राजनंदिनीनं हरकत लिहून घेतली आणि पुढच्या माणसाकडं वळली.

प्रणयशेठ कागद घेऊन आला तेव्हा सांडूनं त्याला हॉटेलाच्या मागच्या दारानं आत घेतलं आणि मागच्याच दारानं वाटेला लावलं. जागा द्यायची नाही. अकरा मजले उभे राहिले की कृष्णा एकदाच काय तो रडेल, मग गच्ची बंद करून दुसरं काहीतरी काढेल आणि पुन्हा या बाजूला ढुंकून बघणार नाही. हा तोट्याचा सौदा सांडूला मंजूर नव्हता. पण आपण नाही म्हणालो, हे त्यानं गीताबाईलाही सांगितलं नाही. समोर कळायला नको.

मग जे दिवस आले ते त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. एकदा त्यानं उगीच एक ट्रॉली वाळू दारात टाकून घेतली. वाळू पडायच्या आधीच कृष्णा कठड्याशी आला होता, आणि संध्याकाळी तो इमरतीचा पुडा घेऊन हॉटेलात हजर.

"दादा, काय काम काढलं का?"

"बघू," सांडू म्हणाला.

एवढंच. 'बघू' म्हणताना त्याच्या जिभेवर इमरतीपेक्षा जास्त गोडी यायची. कधी तो गच्चीवर टेप घेऊन चढायचा आणि टाकीपासून कोपऱ्यापर्यंत मोजायचा. कधी गवंड्याला चहाला बोलवायचा आणि वर बोट दाखवत बोलायचा, बोलणं पावसाचं आणि बोट आभाळाकडं. दर वेळी समोर कठड्याशी एक डोकं दिसायचं. रूपालीनं बाहुलीला नवी मिरची बांधली. सांडू आता गिऱ्हाइकांकडं बघत नव्हता, जिन्याकडं बघत नव्हता. आपल्याकडं कोण बघतंय तेवढं बघत होता. मत्सर म्हणाल तर तो कुठं गेला नव्हता. त्याला फक्त बसायला गादी मिळाली होती.

रस्त्याचं काम पुरं झालं. तारा जमिनीत गेल्या, बोर्ड उतरले, संध्याकाळी पोरंबाळं रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. सज्जा उघडला आणि लोक वर जाऊन मकबरा बघू लागले. सांडूचा धंदाही बरा चालायला लागला, पण तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. कारण त्याच सुमारास नियम कायम झाला. हरकती ऐकल्या गेल्या होत्या आणि फेटाळल्या गेल्या होत्या. पेंटर पुन्हा आला. 'नजररेषा. उंची वाढवण्यास मनाई.' या वेळी खाली महापालिकेचा शिक्काही होता.

कृष्णानं रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात पेढे वाटले. सांडूलाही दिला. कडुबाला दिला तेवढाच, एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांडूनं समोर बघितलं तर कठड्यावर बाहुली नव्हती. कृष्णाही नव्हता. उन्हं वर आली, पोहे संपले, तरी कठड्याशी कुणी आलं नाही. दुपारी सांडूनं ट्रॉलीवाल्याला फोन केला आणि वाळू टाकून घेतली, मागच्यापेक्षा मोठा ढीग. धुरळा उडाला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं, ते गिऱ्हाइकांचं आपापसातलं हसू होतं.

"सांडूभाऊ, वाळू कशाला?" कडुबानं विचारलं. "आता तं मनाई हाय."

सांडू रस्ता ओलांडून जिना चढला. रूपाली खुर्च्या पुसत होती.

"बाहुली काढली व्हय?"

"काढली की, भाऊजी. आता काय गरज? सरकारनंच बंदोबस्त केला."

"राहू द्यायची व्हती," सांडू म्हणाला. "तुमच्या काय अंगावर येत व्हती का?"

रूपालीला काही कळलं नाही. तिनं कोपऱ्यातल्या खोक्यातून बाहुली काढली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. "पायजे का तुम्हाला? घेऊन जा."

कृष्णा पलीकडं दोन पाहुण्यांना बोट करून काहीतरी दाखवत होता. त्यानं मान वळवून "या दादा, चहा घ्या" म्हटलं आणि पुन्हा दाखवायला लागला. सांडूनं चहा घेतला नाही.

खाली येऊन त्यानं स्टूल लावलं, सुतळी घेतली आणि लाल अक्षरांच्या खाली खिळ्याला बाहुली बांधायला लागला. गीताबाई हात पुसत बाहेर आली. तिनं बाहुलीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"आपल्या घराला कोण नजर लावायलंय?"

सांडूनं स्टुलावरूनच मान वर केली. समोरच्या कठड्याशी बरीच माणसं उभी होती, कृष्णाही होता. सगळे त्याच्या घरावरून पलीकडं बघत होते.